चार पत्रे, एक प्रश्न

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आपल्यापैकी बहुतेकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली आहे. पोलीस ठाण्याचा उल्लेख तिच्यात नाही. पण माझ्या आजोबांच्या तोंडी ती यायची तेव्हा कोर्ट आणि चौकी एकाच पायरीवर असायची. पाकीट मारले गेले तरी चौकीवर जायचे की नाही, यावर घरात आधी चर्चा व्हायची. तरुणपणी आपण अशा म्हणींना हसतो. पण तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. तक्रार केल्याने गेलेले परत मिळेलच असे नाही, उलट असलेलेही जाण्याची शक्यता असते.

आता समजा, तक्रार चोराविरुद्ध नसून पोलिसांविरुद्धच आहे. कोठडीत ज्याने मारले, त्याच्याच खात्याकडे कागद द्यायचा. चौकशी त्याच्याच सहकाऱ्यांनी करायची. आणि तक्रारदार एक तर अजून तुरुंगात, नाही तर त्याच गावात, त्याच गल्लीत राहणारा. अशा माणसाला सांभाळायचे कोणी? संयुक्त राष्ट्रांनी १९८४ साली छळाविरुद्ध जो आंतरराष्ट्रीय करार केला, त्याच्या तेराव्या कलमात याचे उत्तर आहे. छळाची तक्रार करणाऱ्याला आणि साक्षीदारांना, तक्रार केली म्हणून त्रास किंवा धमकी होणार नाही याची काळजी सरकारने घ्यावी, असे ते कलम सांगते. वाक्य एका ओळीचे आहे. ते प्रत्यक्षात यायला किती वर्षे लागतात, हे मात्र आपण राहतो त्या शिकागो शहराच्या इतिहासात वाचायला मिळते.

मी १९८१ च्या शरद ऋतूत शिकागोला आलो. आपल्या मंडळातले बरेच जण त्याच सुमाराचे. नोकरी, बर्फ, भाड्याचे अपार्टमेंट, महिन्यातून एकदा दीड तास गाडी हाकून आणलेले तूरडाळीचे पोते, असे आमचे शिकागो होते. दक्षिण भागाशी संबंध फक्त हायवेवरून जाण्यापुरता. अलीकडे माझी नात आठवीत गेली आणि तिच्या पब्लिक स्कूलच्या इतिहासाच्या तासाला एक धडा आला. घरी येऊन तिने विचारले, "आजोबा, तुम्ही तेव्हा इथेच होता ना?" होतो. म्हणून मग तिच्याबरोबर मीही वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आले की या इतिहासाला दर थोड्या वर्षांनी कोणाच्या तरी पत्राने वळण दिले आहे. दोन पत्रे इथली आणि दोन आपल्या देशातली, अशा चार पत्रांची ही हकिकत आहे.

पहिले पत्र : डॉक्टरांचे

९ फेब्रुवारी १९८२ रोजी शिकागोच्या दक्षिण भागात विल्यम फेही आणि रिचर्ड ओब्रायन या दोन पोलिसांची गोळ्या घालून हत्या झाली. पाच दिवस शहर पिंजून काढले गेले. त्या वेळी टीव्हीवर दुसरे काही नव्हते. १४ तारखेला अँड्र्यू विल्सन नावाचा संशयित पकडला गेला आणि त्याच दिवशी त्याने कबुलीजबाब दिल्याचे जाहीर झाले. आम्हा परदेशी पाहुण्यांना एवढेच कळले की खुनी सापडला.

त्या दिवशी संध्याकाळी विल्सनला कोठडीत घेणाऱ्या पोलिसाने त्याची अवस्था पाहून त्याला ताब्यात घ्यायला नकार दिला, ही गोष्ट बातम्यांत नव्हती. चेहऱ्यावर जखमा होत्या. छातीवर आणि मांडीवर तापलेल्या रेडिएटरने भाजल्याच्या खुणा होत्या. कानांवर बारीक दातांच्या चिमट्यांचे वण होते. हाताने फिरवायच्या यंत्रातून विजेचे झटके दिले, असे त्याचे म्हणणे होते.

कुक काउंटी तुरुंगाच्या दवाखान्याचे वैद्यकीय संचालक डॉ. जॉन राबा यांनी त्याला तपासले. १७ फेब्रुवारीला त्यांनी शिकागोचे पोलीसप्रमुख रिचर्ड ब्रेझेक यांना पत्र लिहिले. दिसलेल्या जखमांचे वर्णन केले, विजेच्या झटक्यांचा संशय नोंदवला आणि कसून चौकशीची मागणी केली. खाली स्वतःची सही केली.

या पत्राचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. विल्सन निरपराध नव्हता. दोन पोलिसांच्या हत्येबद्दल तो पुढे पुन्हा चाललेल्या खटल्यातही दोषी ठरला आणि तुरुंगातच २००७ साली वारला. अशा माणसाच्या बाजूने १९८२ च्या त्या आठवड्यात शिकागोत एक शब्द बोलायला कोणी तयार नव्हते. डॉक्टरांनी त्याची बाजू घेतलीच नाही. शरीरावर जे दिसले ते लिहिले, इतकेच.

ब्रेझेक यांनी ते पत्र काउंटीचे मुख्य सरकारी वकील रिचर्ड एम. डेली यांच्याकडे पाठवले आणि पुढे काय करावे असे विचारले. उत्तर आले नाही. विल्सनवरचा खटला चालवण्याची जबाबदारी डेली यांच्याच कचेरीची होती. कबुलीजबाब मारहाणीने घेतला असे सिद्ध झाले असते तर त्यांचाच खटला ढासळला असता. एकाच कचेरीला आरोपीला शिक्षा मिळवायची आहे आणि त्याच आरोपीच्या तक्रारीवरून पोलिसांची चौकशीही करायची आहे, अशी ती कोंडी होती. डेली १९८९ साली महापौर झाले आणि २०११ पर्यंत महापौर राहिले. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली विल्सनची पहिली शिक्षा रद्द केली, ती याच जखमांमुळे.

दुसरे पत्र : निनावी

विल्सनची चौकशी झाली त्या ठाण्याला 'एरिया टू' म्हणत. तिथला प्रमुख अधिकारी जॉन बर्ज हा व्हिएतनामहून परतलेला सैनिक. तो १९७० मध्ये पोलिसात आला आणि १९७२ मध्ये डिटेक्टिव्ह झाला. १९८९ साली विल्सनने तुरुंगातूनच त्याच्यावर फेडरल न्यायालयात दिवाणी दावा चालवला. बाजू मांडायला 'पीपल्स लॉ ऑफिस' या छोट्या संस्थेचे वकील होते. दावा सुरू असताना या वकिलांना पोलीस खात्याच्या लिफाफ्यातून पत्रे येऊ लागली. पत्रांवर सही नव्हती. लिहिणारा खात्यातलाच असावा, हे मजकुरावरून उघड होते. विल्सन हा एकटा नव्हे, त्याच्या आधीही असे घडले आहे, तुरुंगातल्या अमुक माणसाला भेटा, असे त्यात लिहिले होते.

वकील त्या माणसाला भेटले. विल्सनच्या नऊ दिवस आधी त्यालाही विजेचे झटके दिले गेले होते. विशेष म्हणजे त्याने हे १९८२ सालीच न्यायालयात शपथेवर सांगितले होते. कागद सात वर्षे दप्तरात पडून होता. एकाकडून दुसऱ्याचे नाव, दुसऱ्याकडून तिसऱ्याचे, अशी यादी वाढत गेली आणि १९७२ ते १९९१ या काळातल्या पीडितांची संख्या पुढे शंभराच्या वर गेली. जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय पुरुष.

पत्रलेखकाने नाव का दिले नाही? कारण त्यानेच लिहून ठेवले आहे. आपला लॅव्हर्टी होऊ नये, असे त्याला वाटत होते. फ्रँक लॅव्हर्टी हा त्याच ठाण्यातला डिटेक्टिव्ह. खुनाच्या आरोपात अडकलेला एक शाळकरी तरुण निर्दोष आहे, असे त्याने आपल्या अहवालात लिहिले होते. तो अहवाल बचाव पक्षापासून लपवला गेला. खटला सुरू झाल्याचे कळताच लॅव्हर्टी स्वतः जाऊन बोलला आणि तो मुलगा सुटला. खात्याने लॅव्हर्टीवर शिस्तभंगाची कारवाई सुरू केली, त्याला डिटेक्टिव्ह विभागातून काढले, आणि भरतीसाठी आलेले उमेदवार लघवीचे नमुने देतात त्यावर लक्ष ठेवायचे काम दिले. सहकाऱ्यांनी त्याच्याशी बोलणे सोडले. फेडरल अपील न्यायालयाच्या १९८८ च्या निकालपत्रात हे सगळे नमूद आहे.

धमकी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सुरा किंवा पिस्तूल येते. एका कर्तबगार माणसाला बाटल्या मोजायला बसवणे हीसुद्धा धमकीच होती. ती त्याच्यापेक्षा इतरांसाठी जास्त होती आणि ती पोचली. निनावी पत्र लिहिणाऱ्याचे नाव कधीच जाहीर झाले नाही.

मधली वर्षे

विल्सनचा दावा ज्यूरीने मान्य केला नाही. बर्ज मोकळा राहिला. पण गोष्ट आता दबणारी नव्हती. जानेवारी १९९० मध्ये जॉन कॉनरॉय या पत्रकाराने 'शिकागो रीडर' साप्ताहिकात सविस्तर लेख लिहिला. त्याच वर्षी पोलिसांवरच्या तक्रारी पाहणाऱ्या कचेरीतल्या मायकेल गोल्डस्टन यांनी पन्नास प्रकरणे तपासून हा छळ पद्धतशीर होता असा अहवाल दिला. तो अहवाल शहराने दाबून ठेवला. १९९२ साली न्यायाधीशांच्या आदेशाने तो लोकांसमोर आला. १९९३ मध्ये बर्जला नोकरीतून काढले. त्याचे पेन्शन मात्र चालू राहिले.

तक्रारदार या काळात कुठे होते? बहुतेक तुरुंगात, आणि त्यांपैकी काही फाशीच्या कोठडीत. ज्या कबुलीजबाबावर फाशी झाली तो छळ करून घेतलेला होता असे ते सांगत होते, आणि हे ऐकायचे त्याच व्यवस्थेने. १९९८ मध्ये अशा दहा जणांनी आतून आपला गट केला. बाहेर त्यांच्या आया उभ्या राहिल्या. सभांना जाणे, कचेऱ्यांसमोर फलक धरून उभे राहणे, पत्रके वाटणे हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. आत असलेल्या माणसाचे नाव बाहेर सतत घेतले जात राहिले, की त्याला हात लावणाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो. या बायांना हे कोणी शिकवलेले नव्हते.

१० जानेवारी २००३ रोजी गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी त्यांच्यातल्या चौघांना निर्दोष म्हणून माफी दिली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फाशीच्या कोठडीतल्या उरलेल्या सर्वांची फाशी रद्द केली. २०११ मध्ये इलिनॉयने फाशीची शिक्षाच काढून टाकली.

बर्जवर छळाचा खटला मात्र कधीच चालला नाही. विशेष सरकारी वकिलांनी चार वर्षे चौकशी करून २००६ साली सांगितले की गुन्हे घडले, पण मुदत उलटून गेली. तो अडकला तो स्वतःच्याच लेखी उत्तरात. एका दिवाणी दाव्यात २००३ साली त्याने शपथेवर लिहून दिले होते की असा काही छळ आपल्याला माहीत नाही. खोट्या शपथेची मुदत अजून संपली नव्हती. फेडरल सरकारी वकील पॅट्रिक फिट्झगेराल्ड यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये त्याला फ्लोरिडात अटक केली. २०१० साली ज्यूरीने त्याला दोषी ठरवले आणि जानेवारी २०११ मध्ये साडेचार वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा देणाऱ्या न्यायाधीश जोन लेफ्को यांचे पती आणि आई यांची २००५ साली एका चिडलेल्या पक्षकाराने त्यांच्याच घरात हत्या केली होती. न्यायाच्या कामात जिवाची भीती म्हणजे काय, हे त्या आसनावर बसलेल्या बाईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

६ मे २०१५ रोजी शिकागोच्या नगर परिषदेने नुकसानभरपाईचा ठराव केला. ५५ लाख डॉलरचा निधी, प्रत्येक पीडिताला कमाल एक लाख डॉलर, पीडित आणि त्यांच्या कुटुंबीयांना शहराच्या महाविद्यालयांत मोफत शिक्षण, मानसिक उपचारांचे केंद्र, अधिकृत माफी, आणि आठवी व दहावीच्या मुलांना हा इतिहास शिकवण्याची तरतूद. माझ्या नातीच्या दप्तरात तो धडा आला तो असा. डॉ. राबा यांच्या पत्राला तेव्हा तेहतीस वर्षे झाली होती.

तिसरे पत्र : देसाईगंजच्या मुलीसाठी

बर्ज डिटेक्टिव्ह झाला त्याच १९७२ सालच्या मार्च महिन्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी रात्री जबाबासाठी आली होती. नातेवाईक बाहेर थांबले होते. आत एका पोलिसाने तिच्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्याने तिचा विनयभंग केला, अशी तिची तक्रार होती. हा मथुरा खटला. सेशन्स कोर्टाने १९७४ मध्ये दोघांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो तर्क होता. रात्रीच्या वेळी, ठाण्याच्या बंद दाराआड, खाकी कपड्यातल्या माणसासमोर एका मजूर मुलीने किती ओरडायला हवे होते, हे निकालात सांगितलेले नव्हते.

सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर अशी उघड टीका सही करून करणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. पत्रावरून देशभर आंदोलन उभे राहिले. निकाल बदलला नाही, पण १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध आला हे सिद्ध झाले आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने ते मानून चालावे अशी तरतूद झाली. खटला बंद दाराआड चालवण्याची आणि पीडितेचे नाव न छापण्याचीही सक्ती आली.

नाव न छापणे ही आपल्याला आज किरकोळ बाब वाटते. पण तक्रारीनंतर गावात परत जाऊन राहायचे असते, लग्न व्हायचे असते, मजुरी मिळवायची असते. तक्रारदाराला वाचवण्याचा तो एक मार्ग आहे. ज्या मुलीमुळे हे झाले तिला स्वतःला त्याचा काही उपयोग झाला नाही. तिचे नाव तोवर कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसले होते.

चौथे पत्र : कोलकात्याहून

ऑगस्ट १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत संस्थेचे प्रमुख डी. के. बसू यांनी सरन्यायाधीशांना पत्र पाठवले. वर्तमानपत्रांत कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या येत होत्या, त्यांच्याकडे त्यांनी लक्ष वेधले. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. दहा वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, निकाल आला. अटकेचा कागद जागेवर करावा, त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यावी, नातेवाइकांना कळवावे, दर ४८ तासांनी डॉक्टरांकडून तपासणी करावी, वकिलाला भेटू द्यावे, अशा अकरा अटी त्यात आहेत. नीट पाहिले तर प्रत्येक अटीचा हेतू एकच दिसतो. कोठडीत माणूस एकटा राहू नये. कोणाला तरी तो तिथे आहे हे माहीत असावे आणि कोणीतरी त्याला मधूनमधून पाहावे.

तरीही मुख्य प्रश्न उरतोच. तक्रार केल्यावर पुढे काय? आपल्या शेजारच्या श्रीलंकेत छळाविरुद्ध १९९४ पासून स्वतंत्र कायदा होता, त्यात किमान सात वर्षांची शिक्षा होती. कोलंबोच्या गोदीत स्वयंपाक्याचे काम करणाऱ्या एका माणसाला जून २००२ मध्ये पोलिसांनी नावाच्या गफलतीतून पकडले आणि टांगून इतके मारले की तो दोन आठवडे बेशुद्ध होता. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००३ साली जिंकला. मोठी भरपाई मंजूर झाली. मारणाऱ्या पोलिसांविरुद्धच्या फौजदारी खटल्यात त्याची साक्ष व्हायला थोडे दिवस उरले असताना, नोव्हेंबर २००४ मध्ये, कामावर जाताना बसमध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. कायदा, न्यायालय आणि भरपाई हे सगळे त्याच्याकडे होते, फक्त सोबत माणूस नव्हता. २००८ साली ते पोलीस निर्दोष सुटले. साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा श्रीलंकेत आला तो २०१५ मध्ये.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. महाराष्ट्राने त्याआधी २०१७ मध्ये स्वतःचा कायदा केला होता. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेतही प्रत्येक राज्याने अशी योजना करावी असे कलम आहे. योजनेत चांगल्या गोष्टी आहेत. घरावर पहारा, फोन नंबर बदलणे, काही काळ दुसरीकडे राहण्याची सोय, न्यायालयात आरोपीसमोर न येता साक्ष. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या समितीपुढे जातो. पण धोका किती आहे याचा अहवाल तयार करतो स्थानिक पोलीस अधिकारी. गुंडापासून धोका असेल तर हे ठीक आहे. धोका त्याच ठाण्यापासून असेल तर? योजनेने हा प्रश्न तसाच सोडलेला आहे.

तमिळनाडूत सातानकुलम येथे जून २०२० मध्ये काय घडले ते आठवा. लॉकडाऊनमध्ये दुकान उशिरापर्यंत उघडे ठेवल्याच्या आरोपावरून धरलेले बापलेक कोठडीतल्या मारहाणीनंतर वारले. रात्रभर काय चालले होते ते त्याच ठाण्यातल्या एका महिला हेड कॉन्स्टेबलने चौकशीला आलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगितले. ती सांगत असताना इतर पोलीस भोवती घोटाळत होते, दंडाधिकाऱ्यांशीही त्यांनी उद्धट वर्तन केले. मद्रास उच्च न्यायालयाने आपण होऊन प्रकरण हातात घेतले आणि तिला संरक्षण देण्याचा आदेश दिला. लॅव्हर्टीला जे १९८२ मध्ये मिळाले नाही ते तिला मिळाले, कारण न्यायालय त्याच आठवड्यात जागे झाले.

मग संरक्षण म्हणजे काय?

ही चारही पत्रे शेजारी ठेवून पाहिल्यावर मला जे दिसते ते सांगतो. संरक्षण म्हणजे दारावर बंदूकधारी शिपाई एवढेच नव्हे. ते अनेक धाग्यांचे असते. पहिला धागा वेळेवर झालेल्या वैद्यकीय नोंदीचा. जखम भरून येते, कागद राहतो. १९९९ साली तयार झालेल्या 'इस्तंबूल प्रोटोकॉल' या नियमावलीत छळाच्या खुणा डॉक्टरांनी कशा नोंदवाव्यात ते पद्धतशीर दिले आहे. दुसरा धागा चौकशी दुसऱ्याकडे सोपवण्याचा. शिकागोत फेडरल यंत्रणा आली तेव्हाच बर्ज आत गेला. छळाच्या दाव्यांची फेरतपासणी करायला इलिनॉयने २००९ साली स्वतंत्र आयोग नेमला. तिसरा धागा ठाण्यातल्या प्रकाशाचा. खुनाच्या प्रकरणांतल्या चौकशीचे पूर्ण रेकॉर्डिंग सक्तीचे करणारा कायदा इलिनॉयने २००३ मध्ये केला. तो मांडणारे राज्याचे सिनेटर होते बराक ओबामा. आणि चौथा धागा वेळेचा. खटला जितका लांबतो तितके दिवस तक्रारदाराला भीतीत काढावे लागतात, आणि तेवढेच दिवस समोरच्याला त्याच्यापर्यंत पोचायला मिळतात.

सुरुवातीला ज्या कराराचा उल्लेख केला, तो अमेरिकेने १९९४ मध्ये मान्य करून स्वतःला बांधून घेतले. भारताने ऑक्टोबर १९९७ मध्ये त्यावर सही केली, पण पुढचे शिक्कामोर्तब अजून केलेले नाही. त्याला आता पाव शतकाहून जास्त काळ लोटला आहे.

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. आपण कायद्याने चालणारी माणसे, पोलिसांशी संबंध येतो तो वेग वाढल्याच्या तिकिटापुरता. पण आपल्यापैकी बहुतेक जण आता इथले नागरिक आहेत आणि नागरिकाला ज्यूरीचे बोलावणे येते. मला आले तेव्हा न्यायाधीशांनी आम्हा सर्वांना एक प्रश्न विचारला होता. साक्षीदार पोलीस आहे एवढ्याच कारणाने तुम्ही त्याच्यावर इतरांपेक्षा जास्त किंवा कमी विश्वास ठेवाल का? माझ्या शेजारी बसलेल्या मध्यमवयीन कृष्णवर्णीय बाईंना उत्तर द्यायला बराच वेळ लागला. त्या विचार करत होत्या. आता तो इतिहास वाचल्यावर त्यांच्या त्या थांबण्याचा अर्थ मला कळतो.

आपल्याकडे ज्यूरीचे पत्र आले की ते टाळायचे कसे याचे सल्ले पार्टीत फुकट मिळतात. माझी विनंती आहे की टाळू नका, जा. आपल्या मंडळात डॉक्टर पुष्कळ आहेत. त्यांच्या समोर कधी बेड्या घातलेला पेशंट आला, तर त्याने काय केले हे बाजूला ठेवून अंगावर काय दिसते ते लिहा आणि खाली सही करा. आणि घरात आठवी किंवा दहावीतले मूल असेल तर त्याच्या इतिहासाच्या पुस्तकातला तो धडा एकदा त्याच्या शेजारी बसून वाचा. आपण इथे कोणत्या काळात राहिलो, हे त्यांना आपल्याआधी कळू लागले आहे.